दहा-नऊ-आठ आणि शासनाची तिजोरी

अंदाजपत्रक सादर झाले की आयकराची मर्यादा, खतांवरील अनुदान, रेल्वेच्या नव्या गाड्या यांवर आठवडाभर चर्चा होते. काही तरतुदी मात्र इतक्या लहान असतात की, त्या वाढल्या काय आणि घटल्या काय, कोणाच्या लक्षातही येत नाही. महिला व बालविकास मंत्रालयाच्या ‘मिशन वात्सल्य’ची तरतूद ही अशांपैकी एक. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकाचा एकूण आकार सुमारे ५० लाख ६५ हजार कोटी रुपयांचा होता; त्यात या मिशनसाठी १,५०० कोटी ठेवले होते. म्हणजे शंभर रुपयांत तीन पैसे. देशातील अठरा वर्षांखालील मुलामुलींची संख्या चाळीस कोटींहून अधिक आहे. तेव्हा दर बालकामागे वर्षाला चाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. या तीन पैशांतच निरीक्षणगृहे, बालगृहे, दत्तकविधान संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, गरजू मुलांना घरीच ठेवता यावे म्हणून दिली जाणारी मासिक मदत, आणि संकटातील मुलांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी, इतके सारे बसवायचे असते. आजचा विषय यातील शेवटच्या बाबीचा आहे.

१०९८ ची कथा मुंबईची आहे. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक क्षेत्रप्रकल्प म्हणून ही सेवा सुरू झाली. संस्थेत अध्यापन करणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांचा त्यामागे पुढाकार होता. रेल्वे फलाटांवर आणि पदपथांवर राहणाऱ्या मुलांना रात्री-अपरात्री मार लागला, ताप आला, पोलिसांनी उचलून नेले, तर कोणाला हाक मारायची, या प्रश्नातून ती निघाली. ‘दस-नौ-आठ’ असा उलट मोजणीने लक्षात राहणारा क्रमांक हे तिचे वैशिष्ट्य ठरले. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही तो पाठ होई, आणि नाणे न टाकता फिरवता येई. १९९९ साली चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन ही संस्था उभी राहिली, केंद्राचा पैसा येऊ लागला आणि स्थानिक स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यातून ही सेवा देशभर पसरली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तिला व्याख्येत स्थान दिले. ती व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. संकटातील बालकाला तातडीच्या किंवा दीर्घकालीन काळजीशी आणि पुनर्वसनाशी ‘जोडून देणारी’ चोवीस तासांची सेवा, असा तिचा आशय आहे. कायद्याने दूरध्वनी उचलण्यावर भर दिलेला नाही, तो जोडून देण्यावर दिला आहे. नेमका हाच अर्धा भाग आपल्या निधीव्यवस्थेत वारंवार निसटतो, असे माझे म्हणणे आहे.

हे जोडून देणे म्हणजे प्रत्यक्षात काय, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, बीड जिल्ह्यातील एका वस्तीवरून आठवीतल्या मुलीच्या मैत्रिणीने १०९८ फिरवला : ‘तिचं परवा लग्न आहे, तिला करायचं नाही.’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झाले होते, आणि मराठवाड्यातील काही जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून पुष्कळ अधिक आहे. तेव्हा असा दूरध्वनी येणे हे काही विरळा नव्हे. आता पुढे काय करायचे? पोलीस पाठवणे हा सर्वांत सोपा मार्ग. मंडपात खाकी गणवेश दिसला की लग्न थांबते, वडिलांकडून हमीपत्र लिहून घेतले जाते, नोंद होते, ‘बालविवाह रोखला’ अशी बातमीही येते. पण त्या बापाची अडचण जिथल्या तिथेच राहिलेली असते. दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला निघणार. मुकादमाकडून उचल घेतलेली. मागे वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची? लग्न लावून दिले तर तिचाही जोडीने एक ‘कोयता’ होतो. हमीपत्राने हा हिशेब बदलत नाही. पंधरा दिवसांनी दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या देवळात, चार माणसांत, तेच लग्न लागू शकते.

ते लागू नये असे वाटत असेल, तर दूरध्वनी घेणाऱ्या व्यक्तीला बरेच काही ठाऊक असावे लागते. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कोण (ज्याला आपण आजवर ग्रामसेवक म्हणत आलो तो), आणि तो आज गावात आहे की तालुक्याला बैठकीला गेला आहे. २००६ च्या कायद्याच्या तेराव्या कलमान्वये न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई आदेश कसा आणि किती वेळात मिळतो. बाल कल्याण समिती कोणत्या दिवशी बसते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना काढली आहे. त्यांपैकी मुलींचे जवळचे वसतिगृह कोणते, तेथे जागा आहे का, शाळेचा दाखला नसताना प्रवेश होईल का. जिल्हा परिषदेचे हंगामी वसतिगृह यंदा सुरू झाले आहे की मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे. वडील वारलेले असतील, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, त्याचा अर्ज कोठे द्यायचा. आणि हे सारे झाल्यावर महिनाभराने, तीन महिन्यांनी त्या मुलीच्या घरी जाऊन ती शाळेत आहे ना हे पाहणारे कोणी आहे का. एका दूरध्वनीमागे एवढे ज्ञान आणि एवढे पाय लागतात. यंत्र त्या मानाने फुकटात पडते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज स्टिग्लर यांचा १९६१ चा माहितीच्या अर्थशास्त्रावरील निबंध आठवावा. वस्तू बाजारात असणे आणि ती कोठे, कोणत्या किमतीला आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; शोधालाही खर्च येतो, हे त्यांनी दाखवले. स्टिग्लर हे मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते. त्यांच्या डोळ्यांसमोर मोटारी आणि कोळसा होता, बालसंगोपन योजना नव्हती. परंतु त्यांचे सूत्र आपल्या कल्याणकारी योजनांना अधिक घट्ट लागू पडते. कारण मोटार घेणाऱ्याला शोधाचा खर्च परवडतो. तालुक्याच्या कचेरीत तीनदा खेटे घालणाऱ्या विधवेला प्रत्येक खेपेस दिवसाची मजुरी, एस.टी.चे भाडे आणि झेरॉक्सचे पैसे मोजावे लागतात. योजना कागदावर विनामूल्य असते. तिच्यापर्यंत पोहोचणे विनामूल्य नसते. जो अधिक गरीब, त्याला ती अधिक महाग पडते. असे असताना शासन योजनेवर कोट्यवधी खर्च करते आणि योजनेची वाट दाखवणाऱ्या माणसावर खर्च करताना हात आखडते. विहीर खणून पोहरा न ठेवण्यासारखाच हा प्रकार झाला.

हा खर्च शासनानेच का करावा, असे कोणी विचारील. ज्याच्याकडून शुल्क घेता येत नाही, ज्याला जाहिरातदार मिळत नाही आणि ज्याचा लाभ ज्याने पैसे दिले त्याला होत नाही, अशी सेवा बाजार पुरवणार नाही, हे पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातले उत्तर. राहिले दानशूर. त्यांच्याबद्दल आदर राखूनही म्हणावे लागते की, देणगीदाराला खोली बांधून द्यायला आवडते, रुग्णवाहिका द्यायला आवडते. निर्देशिका अद्ययावत ठेवणाऱ्या कारकुनाचा पगार द्यायला सहसा आवडत नाही. त्या कारकुनाच्या खुर्चीवर नावाची पाटी लावता येत नाही. अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे १९९७ साली अटलांटा शहरात २११ हा क्रमांक समाजसेवांची माहिती व दुवा देण्यासाठी सुरू झाला. २००० साली त्या देशाच्या दूरसंचार आयोगाने तो देशभरासाठी राखून ठेवला. क्रमांक दिला, पण त्याबरोबर केंद्राचा कायमस्वरूपी निधी दिला नाही. परिणामी कोठे राज्य सरकार, कोठे ‘युनायटेड वे’सारखी धर्मादाय संस्था, कोठे एखादे प्रतिष्ठान, अशा ठिगळांवर ही सेवा चालते, आणि तिचा दर्जा गावोगाव बदलतो. श्रीमंत देशाचीही ही गत असेल, तर केवळ देणग्यांच्या भरवशावर आपण राहू नये.

आपल्याकडे १०९८ ला केंद्राचा निधी मिळाला, ही जमेची बाजू. मात्र २०२२ साली मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि २०२३ मध्ये ही सेवा फाउंडेशन व तिच्या भागीदार संस्थांकडून राज्य शासने व जिल्हा प्रशासनांकडे टप्प्याटप्प्याने देण्यात आली. दूरध्वनी आता राज्याच्या महिला व बालविकास विभागाच्या नियंत्रण कक्षात जातो. पोलीस, अग्निशमन किंवा रुग्णवाहिका हवी असेल, तर तो ११२ या एकात्म आपत्कालीन क्रमांकाकडे वळवला जातो. इतर बाबी जिल्ह्यातील बाल संरक्षण कक्षाकडे येतात. या बदलावर स्वयंसेवी क्षेत्रातून टीका झाली, आणि तिच्यात तथ्य आहे. तथापि दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बालकाचे संरक्षण हे कायद्याने शासनाचे कर्तव्य आहे. ते एका खाजगी न्यासाच्या हाती कायमचे सोपवून, त्याचे अनुदान वेळेवर न देता, चूक झाली की संस्थेकडे बोट दाखवण्याची सोय शासनाला इतकी वर्षे होती. आता ती राहिली नाही. ज्याच्या हाती अधिकार, त्याच्याच माथी जबाबदारी, हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे.

माझी हरकत वेगळ्या ठिकाणी आहे. आपत्कालीन सेवेचा साचा आणि दुवा देणाऱ्या सेवेचा साचा एक नव्हे. पहिलीत किती मिनिटांत गाडी पोहोचली हे मोजतात, आणि ते योग्यच आहे. दुसरीत पहिले संभाषणच पुष्कळदा निष्फळ असते. मूल दूरध्वनी करते आणि बोलत नाही, ठेवून देते, चार दिवसांनी पुन्हा करते. अशा मुक्या दूरध्वनींचा अनुभव १०९८ वर काम केलेल्या प्रत्येकाला आहे. घड्याळ लावून बसलेल्या व्यवस्थेच्या दृष्टीने हा वाया गेलेला वेळ. समुपदेशकाच्या दृष्टीने ही सुरुवात. नियंत्रण कक्षाने कामाचे मोजमाप ‘दर दूरध्वनीस खर्च’ असे धरले, तर बीडच्या त्या मुलीचे प्रकरण मंडपात पोलीस पोहोचताच यशस्वी म्हणून बंद होईल, आणि तो खर्चही अगदी किफायतशीर दिसेल!

निधी कसा द्यायचा, हा म्हणूनच नुसता हिशेबनिसाचा प्रश्न राहत नाही. अग्निशामक दलाला कोणी लागलेल्या आगींच्या संख्येवर पैसे देत नाही. बंब आणि माणसे तयार असण्यासाठी देतो. १०९८ चेही तसेच आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या सुमारास, २० ते ३१ तारखेच्या दरम्यान, या क्रमांकावर देशभरातून ३ लाख ७ हजार दूरध्वनी आल्याचे त्या वेळी जाहीर झाले होते. ते दिवस काही आगाऊ कळवून आले नव्हते. आदल्या वर्षीच्या सरासरीवर माणसे बेतली असती, तर ती त्या दिवशी कोठून आणली असती? साधे गणित करून पाहावे. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. एकच खुर्ची अखंड भरलेली ठेवायची, तर साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, सण धरले तर चारांहून अधिक. ही केवळ दूरध्वनीशेजारची खुर्ची झाली. रात्री दोन वाजता बसस्थानकावर सापडलेल्या मुलाकडे जाणारा क्षेत्रकार्यकर्ता वेगळा.

ही माणसे बहुतेक कंत्राटी असतात. मिशनचा खर्च सर्वसाधारण राज्यांत केंद्र व राज्य यांच्यात साठ-चाळीस असा वाटला जातो. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यावर पुढचा हप्ता, मग राज्याच्या वित्त विभागाची मान्यता, मग कोषागार. या साखळीतील एक कडी अडली की पगार थांबतो. उत्तर प्रदेशात २०२० साली १८१ या महिलांसाठीच्या दूरध्वनी सेवेतील कर्मचारी स्त्रियांचे वेतन महिनोन्‌महिने थकले आणि त्यांचे काम सुटले, हे वृत्तपत्रांतून आले होते. इतरांना त्यांचे हक्क मिळवून देणाऱ्या त्या बायकांना स्वतःच्या पगारासाठी रस्त्यावर यावे लागले. अशा अस्थैर्यात माणसे टिकत नाहीत, आणि माणसाबरोबर त्याच्या डोक्यातली माहितीही निघून जाते. कोणत्या वसतिगृहाची अधीक्षिका रात्री दार उघडते आणि कोणती सकाळी या म्हणते, हे कोणत्याही शासन निर्णयात छापलेले नसते.

छापलेल्या माहितीचीही अवस्था फारशी बरी नाही. आमच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांना मी एकदा एका जिल्ह्याच्या अधिकृत यादीतील वसतिगृहे व निवारागृहे यांचे दूरध्वनी फिरवून पाहायला सांगितले. कित्येक क्रमांक बंद होते, काही बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांच्या खिशात होते, आणि एक तर सदनिका विकणाऱ्या दलालाकडे लागला. त्याने मुलांची आस्थेने चौकशी केली, एवढे खरे. विनोद सोडून द्या. पण तोच क्रमांक नियंत्रण कक्षातील मुलीने रात्री अकराला लावला असता, तर? अमेरिकेतील २११ केंद्रांत निर्देशिका सांभाळण्यासाठी स्वतंत्र माणसे असतात, सेवांचे ठरावीक वर्गीकरण असते, आणि नोंदी ठरावीक काळाने पडताळल्या जातात. हे काम कंटाळवाणे आहे, छायाचित्र काढण्याजोगे नाही, आणि सबंध सेवेचा कणा तेच आहे. आपल्या अंदाजपत्रकीय शीर्षांत त्याच्यासाठी वेगळी ओळ निघायला हवी.

राज्य शासनाला या बाबतीत केंद्राची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या चाळीस टक्क्यांचा वाटा एप्रिलमध्येच आगाऊ मोकळा करणे, आणि केंद्राचा हप्ता येईपर्यंत वेतनापुरती रक्कम राज्याच्या तिजोरीतून उचल म्हणून देणे, हे वित्त विभागाच्या एका आदेशाने होण्यासारखे आहे. मुकादम उचल देऊ शकतो, तर शासनाला अशक्य का व्हावे? निर्देशिकेचा आणि गृहभेटींचा खर्च जिल्हा वार्षिक योजनेतून करता येईल. तेथे पालकमंत्री व लोकप्रतिनिधी बसतात, त्यांना निदान तो दिसेल तरी. ज्या स्वयंसेवी संस्थांनी पंचवीस वर्षे हे काम केले, त्यांच्याकडे गृहभेटींचे काम रीतसर करार करून सोपवावे. नियंत्रण शासनाचे असण्याला त्यामुळे बाध येत नाही. यासाठी किती पैसे लागतील, याची भीती बाळगण्याचे कारण नाही. छत्तीस जिल्ह्यांत प्रत्येकी दहा माणसे धरली, तरी ती ३६० होतात. राज्याच्या वेतनखर्चात ही संख्या शोधावी लागेल.

आणखी एक मागणी आहे, आणि एक अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला ती सर्वांत मोलाची वाटते. किती दूरध्वनी आले, हे आकडे विधिमंडळात सांगितले जातात. किती बालकांना कोठे जोडून दिले, आणि किती जणांना जोडून देण्याजोगी जागाच नव्हती, हेही जिल्हावार प्रसिद्ध व्हावे. वसतिगृह भरलेले होते, समुपदेशक पद रिक्त होते, बालगृह मुलींसाठी नव्हते, अशा प्रत्येक नकाराची नोंद ठेवली, तर समाजाच्या खऱ्या गरजेचा तो नकाशा होईल. अमेरिकेत २११ कडे आलेल्या मागण्या वस्तीनिहाय मांडण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. पाहणीवर वेगळे पैसे न घालता धोरणकर्त्यांना ही सामग्री मिळते. आपल्याकडे ती रोज जमा होते आणि रोज नोंदवहीत मिटून ठेवली जाते. ती उघडी करण्यात प्रशासनाला संकोच वाटेल, हे उघड आहे. मुलांची नावे-गावे गुप्त ठेवून नकारांची संख्या देता येते, त्यामुळे गोपनीयतेची सबब मात्र चालणार नाही.

मिशन वात्सल्यची आखणी २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी होती. त्यापुढील काळासाठी पैशाची वाटणी ठरवताना १०९८ हे ११२ चे एक उपकलम म्हणून लिहिले जाते की स्वतंत्र कर्मचारी, निर्देशिका आणि पाठपुरावा असलेली सेवा म्हणून, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. विधिमंडळाच्या अधिवेशनात एखाद्या सदस्याने एवढाच तारांकित प्रश्न विचारावा : गेल्या हंगामात, दसरा ते गुढीपाडवा या काळात, मराठवाड्यातील जिल्ह्यांत १०९८ वर बालविवाहाबाबत आलेल्या दूरध्वनींपैकी किती मुली आज शाळेच्या हजेरीपटावर आहेत?